बेसनाचा लाडू आणि बाळाची ऊब

मैत्रिणींनो, थंडी पडली हे आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पंचांग सांगत नाही, खोबरेल तेलाची बाटली सांगते. माळशेजकडून, नाणेघाटाकडून वारं सुटलं की एका सकाळी न्हाणीघराच्या फळीवरची बाटली पांढरीधोप झालेली असते. मुलींच्या वेण्या खोळंबतात, शाळेची वेळ होत आलेली असते, आणि मग "अगं, बाटली उन्हात ठेव, नाहीतर बंबाजवळ तरी ठेव" अशी हाकाटी सुरू होते. आज त्या थिजलेल्या बाटलीबद्दलच लिहायचं आहे. पण त्याआधी एक पत्र.

घोडेगावच्या एका भगिनींचं हे पत्र चार पानी आहे. मुद्द्याचं तेवढं सांगते. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. दिवस भरायच्या आधीच, आठव्या महिन्यात, तिला घाईघाईनं पुण्याला न्यावं लागलं. मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. दवाखान्यात बाळाला एका छोट्या झोपायच्या पिशवीत ठेवत. पिशवीच्या पाठीशी मेणासारख्या पदार्थाची चपटी थैली असे. नर्सबाई ती थैली विजेवर गरम करून आत सरकवत आणि पुढचे काही तास निर्धास्त असत. आता बाळ घरी आलं आहे, बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि घरात मतं तीन!

"विहीणबाई म्हणतात बाजेखाली शेगडी ठेवा. शेजारच्या काकू म्हणतात रबरी पिशवीत गरम पाणी भरून कुशीला ठेवा. जावईबापू म्हणतात ती मेणाची थैलीच विकत आणू. मी कुणाचं ऐकू? आणि ताई, एवढ्याशा मेणात तासन् तास ऊब राहते तरी कशी?"

बाळाचा प्रश्न अंक निघेपर्यंत थांबणारा नव्हता, म्हणून त्यांना उत्तर त्याच दिवशी पाठवलं. पण हा प्रश्न एकट्या घोडेगावचा नाही, म्हणून आज सगळ्यांसाठी लिहिते.

आधी शेगडी. विहीणबाईंचा हेतू वाईट नाही हो! आपल्या सगळ्यांच्या आयांनी, सासवांनी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली, ओवा-शेपाची धुरी दिली. माझ्या थोरलीच्या वेळी, १९८४ च्या डिसेंबरात, मलाही अशाच खोलीत ठेवलं होतं. वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि बाजेखाली रसरसलेले निखारे. तिसऱ्या रात्री माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुटली, उठायला गेले तर भिंत फिरली. घरातले म्हणाले, "पित्त झालंय." माझी धाकटी नणंद पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं जाताना दार उघडं टाकलं, म्हणून आज हे सदर लिहिते आहे! कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. धूर दिसला नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नसतं. मोठं माणूस निदान "डोकं दुखतंय" म्हणू शकतं. दोन किलोचं बाळ काय म्हणणार?

गरम पाण्याच्या पिशवीचं दुखणं वेगळं आहे. ती भरली तेव्हा चटका देणारी असते आणि तीन-चार तासांनी बाळाची ऊब उलट तीच शोषू लागते. मधला अर्धा तास काय तो बरोबर! नवजात बाळाची कातडी इतकी नाजूक असते की आपल्या हाताला "कोमट" वाटणारी पिशवीही तिला भाजते. बूच सैल निघालं तर विचारूच नका.

आता मेणाकडे वळू. एक साधी गोष्ट करून पाहा. पातेल्यात बर्फ घ्या, मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. गॅस चालू आहे, उष्णता आत जाते आहे, तरी बर्फ शिल्लक असेपर्यंत पाणी गारच राहतं. ती सगळी उष्णता जाते कुठं? बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्य अंशापासून थेट ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं! शाळेच्या पुस्तकात हिला "अप्रकट उष्मा" म्हणतात. तुमच्या मुलांना पाठ असेल, पण स्वयंपाकघरात ती ओळखता येईलच असं नाही.

आणि याची दुसरी बाजू फार मोलाची आहे. वितळताना जे आत घेतलं ते थिजताना पदार्थ परत देतो, आणि देत असताना त्याचं तापमान जवळजवळ हलत नाही. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं, बर्फ शून्यावर, मेणबत्तीचं मेण पंचावन्न-साठवर. पदार्थाची निवड आपण करायची; तो त्याचा आकडा सोडत नाही. त्या थैलीतलं मेण अशा जातीचं निवडलेलं असतं की ते सदतिसाच्या जवळपास थिजावं. म्हणजे नेमकं आईच्या अंगाएवढं! ते थिजत असतं तोवर बाळाला सदतीस अंशांची ऊब देत राहतं. बाळाचं अंग त्याहून तापलं तर तेच मेण थोडं वितळून जास्तीची उष्णता पोटात घेतं. एक किलो पाणी चाळीस अंशांवरून छत्तिसावर येताना जेवढी उष्णता देतं, त्याच्या दहापटीच्या आसपास उष्णता एक किलो मेण नुसतं थिजताना देतं. भगिनींच्या चौथ्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर हे.

ही युक्ती आपल्या वाड्यावस्त्यांवर वेगळ्या रूपात कधीच पोचलेली आहे. लसीकरणाच्या दिवशी डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर, आहुप्याकडे, नर्सबाई खांद्याला डबा लावून जातात ना, त्यात लशींभोवती बर्फाच्या चपट्या पिशव्या असतात. त्या शीतपेटीतून काढून लगेच डब्यात घालायच्या नाहीत असा नियम आहे. बाहेर ठेवायच्या, अंगावर घाम फुटू द्यायचा, आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भरायच्या. का? तर कडक गोठलेला बर्फ शून्याच्या खूप खाली असतो आणि काही लशी गोठल्या की निकामी होतात. बर्फ आणि पाणी एकत्र असलं की पारा शून्यावर येऊन बसतो. पुढच्या वेळी नर्सबाई कानाशी पिशवी हलवताना दिसल्या तर "उशीर का करता" म्हणू नका. त्या तुमच्या नातवंडाची लस राखत असतात.

आता तुम्ही म्हणाल, मेण वितळतं म्हणजे वाहणारच की! थैलीला भोक पडलं तर? बरोबर! शास्त्रज्ञांचंही तिथंच घोडं अडलं होतं. त्यांनी काढलेली वाट ऐकून मला तर हसूच आलं, कारण ती आपल्या फराळाच्या डब्यात आहे.

बेसनाचा लाडू घ्या. त्यात तूप किती असतं हे करणारीलाच ठाऊक. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते तूप आतल्या आत पातळ होतं. तरी लाडू डब्यात गोलच्या गोल राहतो, कारण भाजलेल्या बेसनाच्या कणाकणानं ते धरून ठेवलेलं असतं. दाबला तर बोटाला तूप लागेल, पण ओघळणार नाही. "आकार न सोडणारं मेण" म्हणजे अगदी हेच! इथं तुपाच्या जागी पॅराफिनचं मेण, आणि बेसनाच्या जागी पॉलिथिनसारखं बहुवारिक, म्हणजे आपलं प्लास्टिक. पाण्याच्या ड्रमचं जे जाड पॉलिथिन असतं ते एकशेतीस अंशांच्या आसपास वितळतं. मेण त्याच्या कितीतरी आधी. दोन्ही एकत्र वितळवून निववलं की पॉलिथिनच्या लांबलांब साखळ्यांचं जाळं तयार होतं आणि मेण त्यात अडकून बसतं. मग मेण शंभरदा वितळो नि शंभरदा थिजो, वडी वडीच राहते. तीन वाटे मेण आणि एक वाटा प्लास्टिक इथपर्यंत हे जमतं.

त्यापुढे मेण वाढवलं तर काय होतं? अहो, तूप जास्त झाल्यावर लाडवाचं जे होतं तेच! लाडू बसतो, डब्याला तूप सुटतं. आणि प्लास्टिक फार घातलं तर वडी खणखणीत होते, पण ऊब कमी साठते, कारण साठवणारं ते मेण. प्लास्टिक नुसतं धरून ठेवणारं. प्रयोगशाळेतल्या मंडळींना हे प्रमाण बसवायला वर्षं लागली. दिवाळीच्या आदल्या रात्री ज्या बाईनं "अजून एक पळी घालू की नको" असा विचार केला आहे, तिला त्यांची अडचण चटकन समजेल.

या वड्यांना आणखी दोन खोडी आहेत. मेणातून उष्णता फार सावकाश फिरते, म्हणून पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, पूड मिसळून ती वाट मोकळी करावी लागते. आणि मेण शेवटी मेणच, ते पेट घेतं; घरात वापरायचं तर त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. असे पदार्थ दिवसाची उष्णता रात्रीसाठी राखायला भिंतीत आणि जमिनीखाली घालतात, औषधं पाठवायच्या खोक्यांतही घालतात.

जाता जाता तीन बायकांची गोष्ट सांगते, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. १९४८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी एक घर उभं राहिलं. त्या बर्फाळ मुलखात या घराला ना भट्टी, ना कोळसा. दिवसा ऊन घ्यायचं आणि रात्री तेच परत द्यायचं, अशी रचना. ऊन साठवायला मारिया टेल्केस या शास्त्रज्ञ बाईंनी ग्लॉबर नावाचा स्वस्त क्षार वापरला. तो बत्तीस अंशांना वितळतो. घराचा आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, आणि पैसे अमेलिया पीबॉडी यांचे. तिघीही बायकाच! नाताळच्या सुमारास एक कुटुंब तिथं राहायलाही गेलं. पण वितळता-थिजता क्षाराचे थर वेगळे होऊ लागले, डबे गंजून गळू लागले, आणि तिसऱ्या हिवाळ्यानंतर तो प्रयोग आवरावा लागला. टेल्केसबाई खचल्या नाहीत. पुढं त्यांनी सूर्यचुलीवरही काम केलं. पदार्थ धरून ठेवायचा कसा, हा त्यांना छळलेला प्रश्न. आजची लाडवाची युक्ती त्याचंच एक उत्तर.

बाळाची मेणाची पिशवी मात्र अलीकडची. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना अभ्यास म्हणून काम दिलं गेलं: जिथं वीज भरवशाची नाही तिथल्या कमी वजनाच्या बाळांसाठी स्वस्त साधन करा. त्यातूनच "एम्ब्रेस" ही पिशवी तयार झाली आणि २०११ पासून आपल्या देशात वापरात आली. एकदा तापवलेली थैली चार तास तरी ऊब देते. याच तत्त्वावर उलट काम करणारं साधनही आपल्याकडेच झालं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग तीन दिवस तेहतीस-चौतीस अंशांवर गार ठेवायची एक उपचारपद्धत आहे. त्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आणि गुरुग्रामच्या प्लस कंपनीनं अशाच पदार्थाची गादी असलेला "मिराक्रेडल" नावाचा पाळणा तयार केला. पण इथं एक सांगायला हवं. २०२१ साली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या दवाखान्यांत झालेल्या मोठ्या अभ्यासात (त्यात यंत्र वेगळं होतं) अशा थंडाव्यानं बाळं जास्त वाचली नाहीत, उलट मृत्यू वाढलेले दिसले. साधन हुशारीचं असलं तरी तो उपचार कुणाला द्यायचा हा प्रश्न वेगळा, आणि तो डॉक्टरांचाच.

तर मग जावईबापूंनी थैली आणावी का? माझं मत "नको" असं आहे, आणि त्याचं कारण पैसे नव्हे. ती थैली बरोबर तापली आहे की नाही हे पाहायला सवयीची नजर लागते. दवाखान्यात ती असते. आणि हो, हे वाचून कुणी उत्साहानं मेणबत्त्या वितळवून घरी थैली करू नका! मेणबत्तीचं मेण पंचावन्न-साठ अंशांवर थिजतं हे वर सांगितलंच आहे. त्यानं बाळ भाजेल. लाडवाची उपमा समजण्यापुरती, करण्यापुरती नव्हे.

थैली नको याचं खरं कारण असं की घरात सदतीस अंशांची थैली चालतीबोलती हजर आहे. बाळाची आई!

अशक्त बाळ गार का पडतं ते आधी पाहा. वाटीभर आमटी पातेलंभर आमटीच्या आधी निवते, तसंच हे. अंग लहान, कातडीखाली चरबी नाही, आणि आपल्यासारखं कुडकुडून ऊब करायची शक्तीही नाही. म्हणून नुसत्या चार दुपट्यांत गुंडाळून भागत नाही. दुपटं असलेली ऊब अडवतं, नवी देत नाही. ती देणारं कुणीतरी लागतं. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशात बोगोटाच्या इस्पितळात काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सांगितलं. कांगारूच्या पिलासारखं, म्हणून नाव पडलं "कांगारू माता संगोपन". तेव्हा ही गरिबांची तडजोड मानली गेली. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात आपला देशही होता, एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या बाळांना जन्मल्यापासूनच असं छातीशी धरलं, तेव्हा काचेच्या पेटीत आधी ठेवलेल्या बाळांपेक्षा मृत्यू चतुर्थांशानं कमी झाले.

आपल्या महाराष्ट्रातही घरच्या घरी बाळ जपायचं मोठं काम झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं १९९५ पासून एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. बाळ तपासायचं, वजन करायचं, गार पडलेल्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायचं, हे सगळं त्या करू लागल्या. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज तुमच्या दारी बाळ पाहायला येणारी आशाताई त्याच रस्त्यानं चालते आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी ती सहा वेळा यायची असते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिला चहा द्या, पण आधी बाळ दाखवा.

आता करायचं कसं? बाळाच्या अंगात फक्त टोपडं, लंगोट आणि पायमोजे ठेवा. आईनं पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालावा. बाळाला उभं, दोन्ही स्तनांच्या मधोमध, छातीला छाती लावून धरायचं. मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले. मग जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्यानं बाळ सरकणार नाही असं बांधा आणि वरून शाल घ्या. आईनं पाठीला उशा लावून रेलून बसावं. एका वेळी तासाच्या आत सोडू नका. आणि दिवसाचे आठ तास तरी भरावेत, जास्त झाले तर उत्तमच. आई दमली तर आजीनं धरावं, बाबानं धरावं. जावईबापूंना काहीतरी आणायचंच आहे ना, त्यांना सांगा, शर्टाची बटणं सोडून बसा! बाळ अडीच किलोचं झालं की ते आपणच वळवळून बाहेर यायला बघतं, तोवर चालू ठेवा. दर दोन तासांनी पाजायचं. आंघोळीची घाई नको. वजन वाढेपर्यंत ओल्या मऊ फडक्यानं पुसलेलं पुरे, आणि आंघोळ कधी ते डॉक्टरांना विचारा.

आणि थर्मामीटर नसला तरी ही परीक्षा दिवसातून चार वेळा करा. तुमच्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर बाळ सुखात आहे. पोट गरम पण पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे. लगेच छातीशी घ्या. पोट नि पाय दोन्ही गार लागले, बाळ पीत नसेल, मलूल असेल किंवा धापा टाकत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तालुक्याच्या रुग्णालयात न्या, आणि नेतानाही बाळ दुपट्यांच्या गाठोड्यात नको, छातीशीच हवं.

घोडेगावच्या भगिनींचं दुसरं पत्र कालच आलं. शेगडी अंगणात गेली आहे. विहीणबाई आठ दिवस राहायला आल्या होत्या आणि दुपारी चार तास नात त्यांच्याच छातीशी असायची. आता "आमच्या हाताला जास्त ऊब आहे" असं त्या सगळ्यांना सांगतात म्हणे. आशाताईच्या काट्यावर वजन दोन किलो शंभर भरलं. सोबत बेसनाचे लाडू पाठवले आहेत. तूप अंमळ जास्त झालंय, बसलेत थोडे, पण चवीला झकास!